आतल्या दाराची चौकट

मराठी समीक्षेत 'चौकट' हा शब्द बहुधा मोडण्यासाठीच वापरला जातो. कथाकार रूढ चौकट मोडतो, कवयित्री चौकट ओलांडते, नाटककार चौकटीबाहेरचा विचार करतो. पुस्तकाच्या मलपृष्ठापासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत ही मोडतोड अव्याहत चालू असते. ज्या वस्तूवरून हे रूपक आले ती वस्तू भिंतीत कशी उभी करतात, ती नीट बसली आहे हे कशावरून ओळखतात आणि ती बिघडली तर दोष कुणाला द्यायचा, हे प्रश्न मात्र साहित्याच्या वर्गात कुणी विचारत नाही. आम्हांला ते विचारावेसे वाटतात. 'कारागिरी' या शब्दाला आपल्याकडे जी अवकळा आली आहे तिचे एक कारण, आमच्या मते, कारागिरीची परीक्षा कशी करतात हे ठाऊक नसणे हे आहे. आणि परीक्षा न येणाऱ्याच्या हाती निवाडा गेला की अन्याय कुणावर होतो, हे आतल्या दाराच्या चौकटीइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

'आतल्या' हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरतो आहोत. घराच्या मुख्य दाराच्या चौकटीला मान असतो. ऐपत असेल तर तिच्यासाठी सागवान निवडले जाते, ती उभी करताना पूजा होते, हळदकुंकू वाहिले जाते. झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांच्या चौकटींच्या वाट्याला यातले काही येत नाही. त्या नगावर मोजल्या जातात आणि उक्त्या कामात बसवल्या जातात. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्यांना बहुधा उंबरठाही नसतो. चार बाजूंची म्हणून जिला चौकट म्हणायचे तिला तीनच बाजू उरतात: दोन उभ्या आणि वरची एक आडवी. खालचे दोन्ही पाय मोकळे राहतात, आणि आतल्या दाराच्या बऱ्याच तक्रारींचा उगम या मोकळ्या पायांपाशी असतो.

विटांच्या बांधकामातली जुनी रीत अशी, की चौकट आधी उभी करायची, तिला तिरके टेकू द्यायचे आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवत न्यायची. उभ्या लाकडांना मागून लोखंडी होल्डफास्ट ठोकलेले असतात. ते भिंतीत काँक्रीटमध्ये गाडले जातात. भिंत चढताना बांधकामाचा दाब लाकडांवर येतो आणि ती आतल्या बाजूला सरकू पाहतात. म्हणून जाणता सुतार मोकळ्या पायांशी आडवी पट्टी ठोकून ठेवतो आणि तिची लांबी वरच्या आडव्या लाकडाखालच्या अंतराशी तंतोतंत जुळवतो. भिंत पक्की होईपर्यंत ही पट्टी जागेवर राहिली पाहिजे. पण ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत येते, घमेली वाहणारांना अडवते; मग कुणीतरी ती वेळेआधीच उपटतो. त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसत नाही. पुढे पल्ला बसवताना खालच्या बाजूला तो शिरत नाही, तेव्हा हाक सुताराला मारली जाते.

दुसऱ्या रीतीत भिंत आणि गिलावा आधी होतो व ठेवलेल्या मोकळ्या जागेत चौकट मागाहून बसवतात. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पाचरी मारून ती ओळंब्यात आणायची, स्क्रूने जखडायची, मागची पोकळी भरायची आणि कडेची फट पट्टीने झाकायची. भिंतीची पूर्ण जाडी झाकणाऱ्या अशा पातळ चौकटीला ब्रिटनमधले सुतार 'लायनिंग' म्हणतात. बाहेरच्या दाराची जाड, मजबूत 'फ्रेम' त्यांच्या लेखी निराळी वस्तू आहे. मराठीत दोन्हींना चौकटच. शब्द एक असल्यामुळे आपली अपेक्षाही एकच राहते: चौकट म्हणजे काहीतरी अढळ. वास्तविक आतली चौकट स्वतःच्या बळावर उभी नसते. ती ज्या भिंतीत बसते तिच्या गुणदोषांशी तिला रोज जुळवून घ्यावे लागते.

आता परीक्षेकडे वळू. बसवलेली चौकट तपासण्याच्या खुणा थोड्या आहेत आणि कुणालाही शिकता येण्याजोग्या आहेत. ओळंबा प्रत्येक उभ्या लाकडाला दोन दिशांनी लावायचा: एकदा भिंतीच्या सपाटीत, एकदा भिंतीच्या जाडीत. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची. कोपऱ्यात गुण्या लावून पाहायचा. शेवटी सर्वांत चुकवली जाणारी परीक्षा येते, पिळाची. दोन्ही उभी लाकडे आपापल्या जागी सरळ वाटतात, पण एक किंचित पुढे झुकलेले आणि दुसरे किंचित मागे असते. यासाठी चौकटीच्या दर्शनी अंगावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणतात. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे त्या जेमतेम टेकल्या तर चौकट एका पातळीत आहे. त्यांच्यात अंतर राहिले, किंवा एकीने दुसरीला दाबले, तर पीळ आहे. पीळ असलेल्या चौकटीत दार वर टेकते आणि खाली उघडे राहते. मग घरातली माणसे ते पायाने लोटायला शिकतात आणि दहा वर्षे लोटत राहतात.

पल्ला बसल्यावरच्या खुणा आणखी सोप्या आहेत. दार अर्धे उघडून हात सोडावा. ते जिथे सोडले तिथेच थांबले पाहिजे. आपोआप मिटू किंवा उघडू लागले तर बिजागऱ्यांची ओळ ओळंब्यात नाही. दार मिटून कडेची फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत सारखी, साधारणतः नाण्याच्या जाडीइतकी असावी. आणि एक छोटा आरसा घेऊन पल्ल्याची वरची कड पाहावी. तिथे कुणाचाच डोळा पोचत नाही, म्हणून ती बहुधा रंगाशिवाय राहते, आणि तिथूनच लाकूड पावसाळ्यातला दमटपणा शोषते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात अडकणारे लाकडी दार बहुधा कुलपाच्या बाजूला अडकते. यातली एकही खुणा चकाकीविषयी नाही, हे ध्यानात घ्यावे. पॉलिश, रंग, पट्टीवरची नक्षी यांवरून चौकटीविषयी काहीही कळत नाही. उलट लांबी भरून, रंग देऊन पुष्कळ काही लपवता येते. वाकड्या चौकटीला जुळेल असा पल्लाच तासून वाकडा करणे ही तर नेहमीची युक्ती. दार मिटते, मालक समाधान पावतो. ज्या दिवशी तो पल्ला बदलावा लागतो त्या दिवशी उलगडा होतो, की एक चूक झाकण्यासाठी दुसरी मोठ्या कौशल्याने केलेली होती. आरंभीच्या कच्च्या गृहीतकाला जुळावे म्हणून पुढे सगळी पात्रे तासून काढलेल्या कादंबऱ्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

इथवर परीक्षा यांत्रिक आहे. पेच पुढे येतो. समजा भिंतच ओळंब्यात नाही. हे अपवादाने घडते असे नाही. वीट आणि गिलावा हाताने होणाऱ्या कामात थोडे अंतर राहतेच. आता सुताराने काय करावे? भिंतीला जुळवून चौकट बसवली तर कडेची पट्टी गिलाव्याशी सुरेख मिळते, डोळ्याला काही खटकत नाही. पण दार आपोआप झुलते. ओळंब्याला जुळवून बसवली तर दार आयुष्यभर नीट चालते; पण चौकट वर भिंतीच्या आत जाते आणि खाली बाहेर डोकावते. जाणते सुतार दुसरा मार्ग घेतात, कारण दार गुरुत्वाकर्षणाचे ऐकते, भिंतीचे ऐकत नाही. मात्र घर पाहायला आलेल्या माणसाला दिसते ते खाली डोकावणारे लाकूड. तो म्हणतो, 'काय ढिसाळ काम आहे!' म्हणजे जे दिसते आहे तो प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, आणि निवाडा होतो तो ढिसाळपणाचा. ज्याने भिंतीच्या चुकीशी संगनमत केले त्याला मात्र शाबासकी मिळते.

हा प्रसंग आम्हांला साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो तो यासाठी, की कला आणि कारागिरी यांतला जो भेद आपण सौंदर्यशास्त्राच्या तासाला शिकवतो तो इथे टिकत नाही. आर. जी. कॉलिंगवूड यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) या ग्रंथात कारागिरीचे एक लक्षण असे मानले, की कारागिराला काय करायचे हे करण्याआधीच ठाऊक असते. योजना आधी, अंमल नंतर. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन'मधून तंत्राला प्रतिष्ठा दिली. पुढे नवकथेने ठरीव तंत्राविरुद्ध बंड केले. ते बंड आवश्यकच होते. पण त्या धुमश्चक्रीत तंत्र आणि कारागिरी हे शब्द कायमचे संशयित ठरले. 'ही निव्वळ कारागिरी आहे' हे वाक्य आजही परीक्षणात नकारार्थीच येते. वाकड्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या सुताराकडे पाहिले तर या भूमिकेतली उणीव दिसते. त्याच्याजवळ योजना आहे, मापे आहेत; पण ही भिंत कशी वाकडी आहे हे त्याला तिथे पोचेपर्यंत ठाऊक नव्हते. त्याचा निर्णय अंमलाच्या ऐन मध्यावर घडतो आणि त्या निर्णयातच त्याचे कसब असते.

फर्निचर-रचनाकार डेव्हिड पाय यांनी 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' (१९६८) या पुस्तकात नेमका हा मुद्दा धरला. त्यांनी कामाचे दोन प्रकार केले. एकात फलिताची खात्री यंत्र आणि साचा आधीच देतात. दुसऱ्यात फलित शेवटच्या घावापर्यंत जोखमीत असते. ते हाताच्या कौशल्यावर, काळजीवर आणि निर्णयशक्तीवर अवलंबून असते. कारखान्यातून पल्ल्यासकट तयार होऊन येणारी चौकट पहिल्या प्रकारातली. तीच चौकट प्रत्यक्ष भिंतीत बसवणे मात्र पुन्हा दुसऱ्या प्रकारात येते. चांगल्या कामाचा पाय यांचा निकषही उपयोगी आहे: आराखड्याचा हेतू जे पार पाडते किंवा त्याहून सुधारते ते चांगले काम, आणि जे त्या हेतूला आडवे येते ते वाईट. गुळगुळीत आणि ओबडधोबड हा भेद त्यांनी चांगल्या-वाईटापासून वेगळा काढला. खडबडीत कामही उत्तम असू शकते. आमच्या सुताराचे डोकावणारे लाकूड या निकषावर सहज उत्तीर्ण होते.

आता दोषाच्या वाटपाविषयी. २०१६च्या स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियमातील कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करायचा असतो. कायद्याने 'कारागिरी'ची व्याख्या केलेली नाही. पण जबाबदारी कुणाची याविषयी तो संदिग्ध नाही. ती विकासकाची आहे. बोलण्यात मात्र आपण ती लगेच शेवटच्या हातावर ढकलतो. आमच्या पाहण्यातल्या एका नव्या इमारतीत सुताराने भिंतीवर आखून दिलेल्या रेघेवरून चौकटी उभ्या केल्या, पल्ले लावले. नंतर फरशीचा प्रकार बदलण्यात आला, तळाचा थर वाढला आणि सगळी दारे खालून कापावी लागली. ती कापली दुसऱ्याच माणसांनी. कापलेल्या कडांना रंग लावण्याचे काम कुणाच्याच यादीत नव्हते. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघरांचे पल्ले खालून फुगले. रहिवाशांनी एकमुखाने 'सुतार भिकार होता' असा निर्णय दिला आणि कंत्राटदाराने त्याचे उरलेले बिल अडवून ठेवले. फरशी बदलण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्याविषयी कुणी काही बोलले नाही, कारण तो निर्णय दाराकडे पाहून दिसत नाही.

इंग्रजी कादंबरीने या कामाकडे दोन वेगळ्या कोनांतून पाहिले आहे, आणि दोन्ही आमच्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत. जॉर्ज एलियटची 'अ‍ॅडम बीड' (१८५९) सुरू होते तीच सुतारांच्या कर्मशाळेत. दारे आणि खिडक्यांच्या चौकटी घडत आहेत. अ‍ॅडमचा भाऊ सेथ आपले दार पूर्ण झाले असे जाहीर करतो, आणि त्यात तावदाने बसवायची राहूनच गेली आहेत हे पाहून बाकीचे हसतात. घड्याळात सहा वाजताच हातातले हत्यार अर्ध्यावर टाकणाऱ्यांचा अ‍ॅडमला राग येतो. एलियटच्या जगात काम हा चारित्र्याचा आरसा आहे, आणि चांगले काम करण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे असे ते जग गृहीत धरते. रॉबर्ट ट्रेसेल हा स्वतः घरे रंगवणारा कामगार. १९११ मध्ये तो वारला आणि १९१४ मध्ये त्याची 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलान्थ्रोपिस्ट्स' ही कादंबरी संक्षिप्त रूपात प्रसिद्ध झाली. संपूर्ण संहिता यायला १९५५ उजाडले. तिच्यातल्या कामगारांना काम नीट कसे करायचे हे ठाऊक आहे, पण नीट करू दिले जात नाही. मुकादम चोरपावलांनी येऊन पाहतो ते काम उरकते आहे की नाही एवढेच. कमी हात द्या, भेगा बुजवा, पुढे चला. तिथे वाईट काम हे माणसाच्या स्वभावातून येत नाही, ते दरपत्रकातून येते. आपल्या शहरांतल्या आतल्या दारांचा निवाडा करताना आपण एलियटचा निकष लावतो आणि परिस्थिती मात्र ट्रेसेलची असते.

यावर कुणी म्हणेल, पूर्वी असे नव्हते. गावचा सुतार मन लावून काम करी. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) वाचलेल्यांना बलुतेदारीचे हे चित्र परिचित आहे, आणि त्यातले ताणही. तिथे एक गोष्ट खरी होती: औत करणारा आणि औत चालवणारा एकाच गावात राहत. मोडलेले औत करणाऱ्याच्याच दारात परत येई, त्यामुळे परीक्षा आपोआप होई आणि दोष कुणाचा हे शोधावे लागत नसे. पण ही व्यवस्था जातीने बांधलेली होती, कामही जन्माने ठरलेले होते आणि मोबदला दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून होता. तिच्यासाठी उसासे टाकण्याचे कारण नाही. आज चौकट बसवणारा अनेकदा परगावचा, परराज्यातला असतो. घराचा ताबा दिला जाईपर्यंत तो तिसऱ्या इमारतीवर गेलेला असतो. ज्या दारावर त्याचा निवाडा होतो ते दार तो पुन्हा कधी पाहत नाही आणि आपली बाजू मांडायलाही येत नाही. म्हणूनच पारखणाऱ्याची जबाबदारी वाढते.

साहित्यव्यवहारात असा गैरहजर सुतार म्हणजे अनुवादक. परक्या संहितेचा ओळंबा आणि मराठी वाक्याची भिंत यांत अंतर असतेच. भिंतीला जुळवून घेतलेला अनुवाद ओघवता वाटतो आणि परीक्षणात 'मूळ मराठीतच लिहिल्यासारखा' अशी पावती मिळवतो. मूळ कृतीचा पल्ला त्यात नीट चालतो की नाही हे कुणी उघडून पाहत नाही. ओळंब्याला जुळवणाऱ्याचे वाक्य कुठेतरी डोकावते, आणि तेवढ्यावर त्याला कृत्रिम ठरवले जाते. डोकावणारे प्रत्येक वाक्य प्रामाणिकपणाचेच असते असे आम्ही म्हणत नाही; पुष्कळदा ते खरोखरच ढिसाळ असते. पण ते ठरवायला दोरी ताणून पाहावी लागते. तसेच संपादकाने कापलेली प्रकरणे, घाईने उरकलेली मुद्रिते, ऐन वेळी बदललेली पृष्ठसंख्या यांचे फुगलेले पल्ले आपण लेखकाच्या नावे मांडतो. परीक्षणात संपादकाचा आणि मुद्रितशोधकाचा उल्लेख किती वेळा येतो हे पाहिले म्हणजे पुरे.

आमचे म्हणणे असे नाही, की परिस्थिती सांगितली की दोष माफ होतो. अडकणारे दार अडकतेच. त्याची तक्रार केलीच पाहिजे आणि कायद्याने दिलेल्या मुदतीत केली पाहिजे. आमचा आग्रह क्रमाविषयी आहे. आधी वस्तू कशी वागते ते पाहावे, मग ती कशी दिसते ते. आधी भिंतीला ओळंबा लावावा, मग चौकटीला. आणि दोष सापडल्यावर तो ज्या निर्णयातून आला त्या निर्णयापर्यंत मागे जावे. सर्वांत शेवटी ज्याचा हात लागला त्याच्यापाशी थांबू नये. साहित्याच्या अध्यापकांनी एखाद्या वर्षी 'निव्वळ कारागिरी' हा शेरा उत्तरपत्रिकेत आणि परीक्षणात वापरायचा नाही असे ठरवून पाहावे. त्याऐवजी विद्यार्थ्याला विचारावे: या कृतीत कोणते काम जोखमीचे होते, ते कुणी केले आणि ते करताना त्याला कोणत्या भिंतीशी जमवून घ्यावे लागले? या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली, की चौकट मोडली असे म्हणण्याचा अधिकारही विद्यार्थ्याला आपसूक मिळेल. तोवर ज्या सुताराचे बिल अडले आहे त्याला आपल्या समीक्षेने काही देणे लागते, असे आम्हांला वाटते.